बिबट्या ‘निअर हिम’ की ‘निअर हिमसेल्फ’?

जुन्नर-आंबेगावात शेतीपंपाला रात्रीची लाइट असली की शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो. उसाच्या कडेने जाताना बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले, तर सकाळी गावभर जे वाक्य फिरतं ते साधारण असं असतं: ‘त्याला आपल्याजवळच बिबट्या दिसला.’ हे वाक्य आठवी-नववीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला इंग्रजीत करायला सांगावं. बहुतेक वेळा उत्तर येईल, ‘ही सॉ अ लेपर्ड निअर हिमसेल्फ.’ आपल्याजवळ म्हणजे स्वतःजवळ, आणि स्वतः म्हणजे सेल्फ, असा त्याचा सरळ हिशेब असतो. इंग्रजी मात्र इथे ‘निअर हिम’ म्हणते.

इंग्रजीच्या व्याकरणावरच्या पुस्तकांत हे उदाहरण हटकून भेटतं. तिथे बिबट्याच्या जागी साप असतो आणि शेतकऱ्याच्या जागी जॉन, एवढाच फरक. जॉनला जवळ साप दिसला, तर तो ‘निअर हिम’ दिसतो.

मुलाने केलेली चूक अडाणीपणाची नाही. उलट, मराठीचं व्याकरण त्याच्या अंगात किती मुरलेलं आहे, याची ती खूण आहे. ‘आपल्याजवळ’ आणि ‘त्याच्याजवळ’ यांतला फरक त्याने न शिकता ओळखला. ‘त्याला त्याच्याजवळ बिबट्या दिसला’ म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला क्षणभर प्रश्न पडला असता, की हा दुसरा ‘तो’ कोण? मराठी हा फरक करते, इंग्रजीही करते. पण दोन्ही भाषांनी आपापल्या सीमा वेगवेगळ्या ठिकाणी आखल्या आहेत. अडचण तिथे आहे, आणि शाळेत नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

आधी जिथे दोन्ही भाषा एकत्र चालतात तो भाग. या तालुक्यांत कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ आहेत आणि भक्ष्यामागे धावताना बिबट्या त्यांत पडतो. मग वनखात्याची माणसं पिंजरा किंवा बाज खाली सोडून त्याला वर काढतात आणि गरज असेल तर जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात नेतात. बिबट्या बाजेवर चढून आपला आपण बाहेर आला, तर ‘द लेपर्ड सेव्ह्ड इटसेल्फ’. वनरक्षकांनी काढलं, तर ‘द गार्ड्स सेव्ह्ड इट’. वाचवणारा आणि वाचणारा एकच असेल तर सेल्फ लागतो, वेगळे असतील तर साधं सर्वनाम. कर्ता आणि कर्म एकाच क्रियापदाभोवती असावेत आणि दोघे एकच असावेत, एवढी ती अट.

पंचतंत्रातली सिंह आणि सशाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सिंह विहिरीत डोकावतो आणि पाण्यातल्या सिंहावर उडी घालतो. ही गोष्ट सर्वनामांच्या भाषेत सांगितली तर सिंहाचा जीव एका सेल्फने घेतला. निवेदक म्हणतो, सिंहाने ‘हिमसेल्फ’ला पाहिलं. सिंहाच्या डोक्यात मात्र ‘हिम’ होता. वर्गात हा नियम शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण, आणि ते मुलांना आधीपासून पाठ असतं.

इंग्रजीत अशी सर्वनामं आठ: मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, अवरसेल्व्ह्ज, युअरसेल्व्ह्ज, देमसेल्व्ह्ज. ‘वनसेल्फ’ धरलं तर नऊ. मराठीचं काम दोन शब्दांत भागतं. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः ही मराठीची नऊ मूळ सर्वनामं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेलं कुणीही घडाघडा म्हणतं. शेवटची दोन आत्मवाचक. पुस्तक इथे एक बारीक टीप देतं: आत्मवाचक ‘स्वतः’ वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकतं, ‘आपण’ येत नाही. टीप पाठ केली जाते आणि पान उलटलं जातं. पण ‘आपण’ आणि ‘स्वतः’ यांच्यात त्याहून कितीतरी मोठा फरक आहे आणि तो इंग्रजी शिकणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे.

दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहावीत. ‘गणपतला वाटतं, की अडत्या आपल्याला फसवतोय.’ आणि ‘गणपतला वाटतं, की अडत्या स्वतःला फसवतोय.’ पहिल्यात फसतोय गणपत. दुसऱ्यात फसतोय अडत्या. मराठी कानाला याबद्दल तीळमात्र शंका येत नाही. ओतूरच्या आठवड्याच्या बाजारात बसलेली आजीसुद्धा, जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि जी ‘आपुन’ आणि ‘सोत्ता’ म्हणते, ती या दोन वाक्यांत गल्लत करणार नाही.

म्हणजे ‘स्वतः’ला आपला धनी त्याच क्रियापदापाशी लागतो. ‘फसवतोय’ या क्रियापदाचा कर्ता अडत्या, म्हणून ‘स्वतः’ अडत्याला चिकटतं. ‘आपल्याला’ हे कर्म मात्र जवळच्या कर्त्याला ओलांडून वाक्याच्या वरच्या मजल्यावर जातं आणि तिथल्या गणपतला गाठतं. (‘आपल्याला’ म्हणजे ‘आपल्या सगळ्यांना’ असाही अर्थ निघू शकतो, तो संदर्भावरून वेगळा काढावा लागतो.)

आता इंग्रजी. अडत्या गणपतला फसवत असेल तर ‘गणपत थिंक्स द एजंट इज चीटिंग हिम.’ अडत्या स्वतःला फसवत असेल तर ‘चीटिंग हिमसेल्फ.’ ‘आपल्याला’चं भाषांतर इथे ‘हिमसेल्फ’ होत नाही, ‘हिम’ होतं. आणि मुलाच्या वहीत ‘आपण = सेल्फ’ असं समीकरण असेल, तर तो नेमका उलटा अर्थ लिहून मोकळा होईल. गणपतची तक्रार अडत्याच्या आत्मवंचनेची कथा होऊन बसेल.

भाषाशास्त्रज्ञांना मराठीच्या या जोडीचं आकर्षण वाटलं ते याचसाठी. काशी वाली यांनी 1979 साली मराठीतल्या दोन आत्मवाचकांवर शोधनिबंध लिहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी नोम चॉम्स्की यांचं 1981चं पुस्तक आलं आणि त्यातली सर्वनामांची मांडणी जगभर शिकवली जाऊ लागली. तिचा गाभा असा: सेल्फवाल्या सर्वनामाला त्याचा धनी जवळच्या हद्दीत मिळालाच पाहिजे, साध्या सर्वनामाला तो त्या हद्दीत मिळता कामा नये. इंग्रजीला हे बरंचसं लागू पडतं. पण मराठीचं ‘आपण’ या दोन्ही खणांत नीट बसत नाही. ते आत्मवाचक आहे, आणि तरी त्याचा धनी हद्दीबाहेर असतो. 2000 साली दक्षिण आशियातल्या भाषांच्या सर्वनामांवर एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या चार संपादकांत काशी वाली होत्या आणि त्यात मराठीलाही जागा मिळाली. गावच्या पारावर रोज बोललं जाणारं ‘आपण’ जगाच्या व्याकरणचर्चेत महत्त्वाचा साक्षीदार ठरलं, ही गोष्ट जुन्नर-आंबेगावच्या शाळांत कुणीतरी सांगायला हवी.

या शब्दाचं कूळही जुनं आहे. संस्कृत ‘आत्मन्’चं प्राकृतात ‘अप्पा’ झालं आणि त्याच वंशातून मराठीचं ‘आपण’ आलं. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटात सातवाहनांचा जो शिलालेख आहे, तोही प्राकृतातलाच. ‘स्वतः’ मात्र संस्कृतातून जसंच्या तसं उचललेलं आहे. मूळचं ते अव्यय. मराठीने त्याला ‘-ला’, ‘-चा’, ‘-वर’ असे प्रत्यय लावून कामाला जुंपलं.

इंग्रजीचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आजच्यासारखी हिमसेल्फची सक्ती नव्हती. ‘त्याने त्याला धुतलं’ या धर्तीचं वाक्य दोन्ही अर्थांनी चालायचं. स्वतःला की दुसऱ्याला, ते ऐकणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. ‘सेल्फ’ हा तेव्हा जोर देणारा शब्द होता, आपल्या ‘खुद्द’सारखा. हळूहळू तो सर्वनामाला कायमचा चिकटला आणि कर्ता-कर्म एक असल्याची खूण बनला. 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती नांदताना दिसतात. बिबट्यापाशी अडलेलं ‘निअर हिम’ त्या जुन्या पद्धतीच्या जवळचं आहे. सेल्फने क्रियापदाच्या कर्माची जागा घेतली, पण आजूबाजूची जागा दाखवणाऱ्या शब्दांपुढची जागा साध्या सर्वनामाकडेच राहिली.

मराठी माणसाची सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. जवळ, मागे, पुढे, बरोबर, खाली, भोवती हे शब्द आले की मराठी निमूटपणे ‘आपल्या’ लावते. ‘त्याने आपल्या मागे पाहिलं’, ‘तिने पोराला आपल्याबरोबर नेलं’, ‘आजीने पाटी आपल्या शेजारी ठेवली.’ इंग्रजीत हे अनुक्रमे बिहाइंड हिम, विथ हर, बिसाइड हर. सेल्फ कुठेच नाही. पण ‘तिने आरशात स्वतःकडे पाहिलं’ म्हणायचं तर ‘लुक्ड ॲट हरसेल्फ’, आणि ‘तो स्वतःशीच बोलतो’ म्हणायचं तर ‘टॉक्स टु हिमसेल्फ’.

ओळखायचं कसं? शब्दयोगी अव्यय क्रियापदाने मागितलेलं आहे, की नुसती जागा दाखवतंय, हे पाहावं. ‘लुक’ला पाहण्याचं लक्ष्य हवं असतं आणि ते ‘ॲट’ पुरवतं. ‘टॉक’ला ऐकणारा हवा, तो ‘टु’ पुरवतं. तिथे पुढचा माणूस त्या क्रियेतला भागीदार असतो, म्हणून सेल्फ लागतो. ‘बिहाइंड’ आणि ‘निअर’ केवळ ठिकाण सांगतात. ‘निअर’च्या जागी ‘झाडाखाली’, ‘ओढ्यापलीकडे’ असं काहीही घातलं तरी ‘पाहिलं’चा अर्थ हलत नाही. जागा बदलून वाक्य शाबूत राहत असेल तर सेल्फ लावायचा नाही. ही कसोटी दहापैकी दहा वेळा उपयोगी पडेल असं कुणी म्हणणार नाही. अंगावर घोंगडी ओढून घेण्यासारख्या वाक्यांत इंग्रज स्वतःही दोन्ही रूपं वापरतो. पण परीक्षेच्या पेपरात आणि रोजच्या पत्रात ती बहुतेक वेळा तारून नेते.

या ठिकाणी चुकीचा सेल्फ अर्थाचा अनर्थही करू शकतो. ‘शी सॅट विथ द बास्केट बिसाइड हर’ म्हणजे टोपली शेजारी घेऊन बसली. ‘शी वॉज बिसाइड हरसेल्फ’ म्हणजे दुःखाने किंवा रागाने तिला भान उरलं नाही. ‘बाय हिम’ म्हणजे त्याच्या हातून. ‘बाय हिमसेल्फ’ म्हणजे एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय.

मग उलट बाजूची गल्लत आहे, आणि तिच्याकडे शिक्षकांचं लक्ष कमी जातं. मराठीत ‘स्वतः’चा मागमूस नसतो, पण इंग्रजीला सेल्फ हवा असतो. ऊस तोडताना कोयता हातावर बसला तर मराठी माणूस म्हणतो, ‘हाताला लागलं.’ इंग्रजीत तेच ‘आय कट मायसेल्फ.’ चुलीवर भाजलं, ‘आय बर्न्ट मायसेल्फ.’ पडून लागलं, ‘आय हर्ट मायसेल्फ.’ मराठीत ही वाक्यं माणसावर घडणाऱ्या घटनेसारखी येतात. लागतं, भाजतं, कापतं, आणि माणूस ‘मला’ म्हणून बाजूला उभा असतो. इंग्रजी मात्र त्या माणसालाच कर्ता करते आणि कर्मही करते. हा फरक नुसता नियम सांगून हाती लागत नाही. मराठी वाक्य आधी मोडून ‘कुणी कुणाला काय केलं’ असं उभं करावं लागतं.

जत्रेत मजा आली, हे आणखी एक. ‘आय एन्जॉइड अ लॉट’ असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. प्रमाण इंग्रजीत ‘एन्जॉय’ला कर्म लागतं: एक तर ‘द फेअर’, नाहीतर ‘मायसेल्फ’. सरकारी आणि बँकांच्या पत्रकांत ‘अव्हेल धिस स्कीम’ असं असतं; ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ते ‘अव्हेल युअरसेल्फ ऑफ धिस स्कीम’ असं होतं. भारतीय इंग्रजीत सेल्फशिवायचं रूप आता इतकं रुळलं आहे, की त्याला चूक म्हणणं हट्टाचं वाटेल. पण परदेशी विद्यापीठाला अर्ज करणाऱ्या मुलीला दोन्ही रूपं माहीत असलेली बरी.

दाढी करणं, कपडे घालणं, अंग धुणं या रोजच्या कामांना इंग्रजी सहसा सेल्फ लावत नाही. ‘ही शेव्ह्ड’ एवढं पुरतं. अंग पुसणं मात्र ‘ही ड्राइड हिमसेल्फ’. याला सबळ कारण शोधत बसण्यापेक्षा तोंडपाठ केलेलं बरं.

आता ‘मायसेल्फ’ची गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळाशाळांतली मुलं आपापली मॉडेलं मांडून उभी राहतात. अशा टेबलापाशी इंग्रजी बोलणारा पाहुणा थांबला की मूल छाती पुढे काढून सुरुवात करतं, ‘मायसेल्फ अमुक अमुक, फ्रॉम तमुक विद्यालय.’ मुलाखतीतही हेच, कॉलेजच्या पहिल्या दिवशीही हेच. आत्मविश्वासाने म्हटलेलं हे वाक्य इंग्रजीच्या नियमात मात्र बसत नाही, कारण वाक्यात क्रियापद नाही आणि ‘मायसेल्फ’ला धरायला ‘आय’ नाही. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ एवढं पुरे. ‘लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ’ मात्र अगदी बरोबर, कारण तिथे ओळख करून देणारा आणि जिची ओळख होते ती व्यक्ती, दोन्ही एकच.

हे ‘मायसेल्फ’ आलं कुठून? एक कारण उघड आहे. शिक्षक ‘इंट्रोड्यूस युअरसेल्फ’ म्हणतात आणि मूल त्यातल्या ‘युअरसेल्फ’ला ‘मायसेल्फ’ने उत्तर देतं. त्यात अदबही आहे. नुसतं ‘आय’ म्हणणं उद्धट वाटतं, ‘मी’पणा वाटतो. हीच भावना साहेबालाही ‘प्लीज सेंड इट टु मायसेल्फ’ लिहायला लावते, जिथे साधं ‘मी’ हवं, इंग्रजीतलं ‘मी’. या चुकीत इंग्लंड-अमेरिकेतले लोकही मागे नाहीत. कार्यालयीन पत्रांत ‘माय कलीग अँड मायसेल्फ’ तिथेही दिसतं. कसोटी सोपी आहे. सोबतच्या माणसाचं नाव काढून टाकायचं आणि वाक्य पुन्हा म्हणायचं. ‘सेंड इट टु मायसेल्फ’ एकट्याने म्हटलं की कानाला खटकतं.

महाराष्ट्रात जून 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातल्या छोट्या शाळांपर्यंत ते पोहोचलं आणि ते चांगलंच झालं. पण इंग्रजी सर्वनामं शिकवताना मुलाला आधीच येत असलेलं मराठी व्याकरण बहुतेक वेळा दाराबाहेर ठेवलं जातं. वास्तविक सहावीतल्या मुलांना गणपत आणि अडत्याची दोन वाक्यं देऊन, ‘आपल्याला’पासून आणि ‘स्वतःला’पासून एकेक बाण काढायला लावले, तर जवळचा धनी आणि लांबचा धनी हा भेद दहा मिनिटांत त्यांच्या वहीत उतरेल. मग जवळचा बाण म्हणजे सेल्फ, लांबचा म्हणजे साधं सर्वनाम, हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

वरच्या वर्गांत कर्ता लपलेली वाक्यंही घेता येतील. ‘सुमन आस्क्ड मंजिरी टु लुक आफ्टर हरसेल्फ’ यात काळजी घ्यायची मंजिरीने, मंजिरीचीच. ‘आफ्टर हर’ केलं की काळजी सुमनची. पण ‘आस्क्ड’ काढून ‘प्रॉमिस्ड’ घातलं, तर ‘लुक आफ्टर हरसेल्फ’मधली काळजी घेणारी सुमन होते, कारण वचन देणारीच ते पाळणार. क्रियापद बदललं, की लपलेला कर्ता बदलतो आणि सेल्फ त्याच्यामागे जातो.

मालकी दाखवताना मात्र मराठीचा वरचष्मा. ‘रमेशने आपली जमीन विकली’ आणि ‘रमेशने त्याची जमीन विकली’ यांतला फरक इंग्रजीत सर्वनामाने करताच येत नाही, दोन्हीकडे ‘हिज’. अलीकडे बोलताना आणि बातम्यांतही ‘त्याने त्याची जमीन विकली’ असं स्वतःच्या जमिनीबद्दल म्हटलं जातं. हाती असलेलं धारदार हत्यार बोथट करण्याचा हा प्रकार टाळता आला तर बरं.

तरी काही ठिकाणी दोन्ही भाषा हात टेकतात. ‘सरपंचांनी ग्रामसेवकाला स्वतःच्या घरी बसून अर्ज भरायला सांगितलं.’ घर कुणाचं? मराठीत दोन्ही अर्थ निघतात आणि इंग्रजीतल्या ‘हिज हाउस’मध्येही निघतात. बातमीत असं वाक्य आलं तर ‘ग्रामसेवकाच्या घरी’ असं सरळ नाम वापरावं. खरेदीखत लिहिणाऱ्यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. घोडेगाव असो वा जुन्नर, दस्तात ‘तो’, ‘त्याला’, ‘आपण’ यांवर भिस्त ठेवली जात नाही. पहिल्या पानावर विकणाऱ्याला ‘लिहून देणार’ आणि घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’ म्हटलं जातं, आणि शेवटच्या सहीपर्यंत तीच नावं चालतात.